तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात ताकदवान टू-स्ट्रोक कोणतं?

मैदानावर नवीन माणूस आला की हा प्रश्न येतोच: "मॉडेल विमानासाठी सगळ्यात पॉवरफुल टू-स्ट्रोक इंजिन कोणतं?" त्याला एक नाव हवं असतं. मी आधी विचारतो, प्रॉप (पुढचा पंखा) किती इंची लावणार? खोक्यावर छापलेला हॉर्सपॉवरचा आकडा एका ठरावीक आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) असतो. तुमचा प्रॉप इंजिनाला तिथवर पोहोचू देणार आहे का, यावर सगळं अवलंबून आहे.

दोन इंजिनं शेजारी ठेवून बघा. ओएस ४६ एएक्स हे ७.४५ सीसीचं, कंपनीच्या आकड्यानुसार १६,००० आरपीएमला १.६५ हॉर्सपॉवर देतं. दुसरं नेल्सन ४०, एफ३डी वर्गाच्या पायलॉन रेसिंगसाठी, म्हणजे खांबांना वळसे घालत होणाऱ्या विमानांच्या शर्यतीसाठी, बनवलेलं. या वर्गात ६.६ सीसीच्या वर जाता येत नाही, म्हणजे हे ओएसपेक्षा लहानच. पण ते ३०,००० आरपीएमच्या आसपास फिरतं आणि ताकद ओएसच्या कितीतरी पुढे जाते. या शर्यतीत १० फेऱ्यांचे ४ किलोमीटर असतात आणि अव्वल पायलट ते एका मिनिटाच्या आत संपवतात.

मग नेल्सनच घ्यावं ना? इथे प्रॉपचं गणित आडवं येतं. ११ इंची प्रॉप ३०,००० आरपीएमला फिरवायचा म्हटलं तर त्याची टोकं सेकंदाला ४४० मीटर वेगाने जातील, आवाजाच्या वेगापेक्षा बरीच जास्त. इतकी शक्ती त्या इंजिनात नाही आणि तो ताण प्रॉपलाही सोसणार नाही. म्हणून पायलॉनवाले साडेसात इंचांच्या आसपासचा प्रॉप लावतात. टोकाचा वेग ३०० मीटरच्या घरात राहतो. पण असा लहान, जास्त पिचचा (पाती जास्त तिरकी असलेला) प्रॉप विमान सुसाट असेल तेव्हाच हवा नीट धरतो. तुमच्या हळू उडणाऱ्या ट्रेनरला (शिकाऊ विमानाला) तो काय उपयोगाचा? आणि नेल्सनला ११ इंची प्रॉप लावून बघितलात, तर ते ज्या आरपीएमसाठी जन्माला आलंय त्याच्या जवळपासही फिरकणार नाही. प्रॉपचे आरपीएम दुप्पट करायचे तर आठपट ताकद लागते, हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग, ट्यून्ड पाइप, म्हणजे इंजिनाच्या एक्झॉस्टला लावायची मोजूनमापून लांबी ठरवलेली नळी. ३०,००० आरपीएमला एक फेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागात संपतो. एक्झॉस्ट पोर्ट (जळालेला वायू बाहेर जाण्याची खिडकी) उघडा असतो त्याच्या साधारण निम्मा वेळ. तेवढ्यात जळालेला वायू बाहेर पडायचा आणि ताजं मिश्रण आत यायचं, आणि त्यातलं थोडं ताजं मिश्रणही एक्झॉस्टमधून निसटतं. पाइपचा शेवटचा शंकू दाबाची लाट परत पाठवतो आणि पोर्ट बंद होण्याच्या ऐन वेळी ती निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. एकही हलणारा भाग नाही, नुसत्या लांबीवर हे काम चालतं! १९६६ च्या कंट्रोल लाइन स्पीडच्या (तारेला बांधलेलं विमान गोल फिरवून वेग मोजायच्या प्रकाराच्या) जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या बिल विस्निएव्स्कींनी असा पाइप लावून बाजी मारली आणि त्यानंतर स्पीडवाल्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मात्र लाट वेळेवर पोहोचते ती ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच. विमान सुटल्यावर वेग घेतं, प्रॉपवरचा भार हलका होतो, आणि मग अचानक इंजिनाचा सूर वर चढतो. तो सूर ऐकण्यासाठी मी कितीही लांब जाईन.

इंधनाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. मिथेनॉल आणि एरंडेल हा पाया. त्यात नायट्रोमिथेन घातलं की ताकद वाढते, कारण ते स्वतःचा ऑक्सिजन बरोबर आणतं. कॉक्स टी डी ०४९ सारखी चिमुकली अमेरिकन इंजिनं चांगल्या नायट्रोवरच खुलतात. पण एफ२ए (हीच कंट्रोल लाइन स्पीड) आणि एफ३डी या वर्गांत नायट्रोविना, ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के तेल, अशा इंधनाची परंपरा आहे. त्यामुळे इटलीच्या रॉसी बंधूंचं २.५ सीसीचं रॉसी १५ घ्या, ते नायट्रोशिवाय, जास्त कॉम्प्रेशनवर पळण्यासाठीच घडवलेलं. नायट्रोमिथेन आपल्याकडे महाग आणि मिळायला कठीण. एरंडेल मात्र जगात सर्वात जास्त आपल्याच देशात होतं. म्हणून वेगाचं वेड असलेल्या भारतीय माणसाला मी कॉक्सआधी रॉसी सुचवतो.

एक गोष्ट मात्र कृपा करून पाळा. यातली बरीच इंजिनं एबीसी असतात: अॅल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर (सिलिंडरची आतली नळी), त्यावर क्रोम. लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो. इंजिन तापलं की पितळ जास्त प्रसरण पावतं आणि मग पिस्टन मोकळा फिरतो. रिंगवालं इंजिन जसं भरपूर रिच (मिश्रणात इंधन जास्त) ठेवून, थंड थंड रन-इन करतात (नवं इंजिन रुळवतात), तसं एबीसीचं केलंत तर पिस्टन त्या निमुळत्या भागात घासून खराब होतो. त्याला लहान प्रॉप लावा, थोडंसंच रिच ठेवा, तापू द्या, आणि अशा छोट्या छोट्या धावा करून मध्ये पूर्ण थंड होऊ द्या.

तर नावं. रविवारी मजेत उडवायचं असेल तर ओएस ४६. कंट्रोल लाइनवर वेग हवा असेल तर रॉसी १५. पायलॉन रेस करायचीच असेल तर नेल्सन, पण आधी ते विमान सांभाळता येईल एवढा हात बसू द्या. रॉसी आता बहुधा जुनंच हाती लागेल. घेताना ग्लो प्लग (मिश्रण पेटवणारा तापलेल्या तारेचा प्लग) काढून ठेवा आणि थंड इंजिन हाताने हळूच फिरवा. पिस्टन वरच्या टोकाला अडून घट्ट बसत असेल तर लायनरमध्ये अजून जीव आहे. लोण्यासारखं सुळकन फिरत असेल, तर ते कितीही चकाकत असलं तरी ठेवून द्या.