ज्या वचनाची साखळी तुटते

मुंबईतल्या मुस्लिम वस्त्यांमध्ये गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असला की एक वचन हमखास ऐकू येते: विद्या मिळवण्यासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा. डोंगरीपासून जोगेश्वरीपर्यंत अनेक वक्ते ते पैगंबरांच्या नावावर सांगतात. हदीस म्हणजे पैगंबरांची वचने व आचरण यांची नोंद; त्या शास्त्राच्या जाणकारांनी मात्र ते प्रमाण मानलेले नाही. बाराव्या शतकातील बगदादचे इब्न जौझी यांनी तर बनावट वचनांच्या आपल्या संग्रहातच त्याला जागा दिली. ज्ञानाची महती गाणारे, विद्वानांच्या सोयीचे वचनही विद्वानांनीच नाकारावे, यातच मला इस्लाममधील विद्येची खरी प्रतिष्ठा दिसते.

इमाम बुखारी यांच्या हदीससंग्रहातील पहिलीच हदीस पाहावी. कर्माचे मोल हेतूवर ठरते, हे वचन येण्याआधी हुमैदी, सुफियान, यह्या बिन सईद, मुहम्मद बिन इब्राहीम, अल्कमा अशी, ते एकाकडून दुसऱ्याने ऐकल्याची नावे ओळीने येतात आणि शेवटी मिंबरवरून (मशिदीतील व्यासपीठावरून) बोलणारे दुसरे खलिफा हजरत उमर येतात. नावांच्या या ओळीलाच साखळी म्हणतात. बुखारी यांचे निधन 870 सालचे, म्हणजे पैगंबरांना जाऊन सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. इतक्या अंतरावरून आलेला शब्द पारखायचा तर तो वाहून आणणारी माणसेच पारखायला हवीत. म्हणून कोण कोणाला प्रत्यक्ष भेटला होता, कोणाची स्मरणशक्ती उतारवयात ढासळली, कोण खोटे बोलताना सापडला, याच्या नोंदींचे मोठमोठे चरित्रकोश तयार झाले. साखळी नसती तर ज्याच्या मनात जे आले ते त्याने सांगितले असते, असे आठव्या शतकातील हदीसचे विद्वान अब्दुल्लाह बिन मुबारक म्हणत. या कसोटीत स्त्रियांनाही मानाचे स्थान होते (हे आपल्याकडे फारच कमी सांगितले जाते): अकराव्या शतकात मक्केत करीमा मर्वजिया बुखारींचा ग्रंथ शिकवीत आणि खतीब बगदादींसारखा नामांकित विद्वान त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसला.

रमजानमध्ये आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर हदीस म्हणून काहीही येते. कोणत्या किताबातली, असे विचारले की चाचांना तो उद्धटपणा वाटतो. वास्तविक हा प्रश्न आपल्याच उलेमांनी (धर्मविद्वानांनी) शिकवलेला आहे, आणि आलेल्या बातमीची शहानिशा करा असे कुरआनही 49व्या सूरेत (अध्यायात) सांगते. समारंभाच्या फलकावर वचन हवेच असेल, तर 20व्या सूरेतील दुआ लिहावी: माझ्या पालनकर्त्या, माझ्या ज्ञानात वाढ कर.