ईएसआरवर फ्री रॅडिकल पकडताना : माझा अनुभव

ज्यांना स्पिन ट्रॅपिंग (फ्री रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अल्पायुषी रेणू, दुसऱ्या रसायनाला चिकटवून पकडणं) करायचंय आणि ज्यांच्या कॉलेजात ईएसआर मशीन (असे एकटे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्हने टिपणारं यंत्र) नाही त्यांच्यासाठी लिहितेय. मशीन चालवणं सोपं आहे हो, मशीनपर्यंत पोचताना जीव मेटाकुटीला आला आणि तो राग अजून गेलेला नाही.

आमचं काम पेशींमधल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर. डीसीएफएच-डीए (ऑक्सिडेशन झालं की चमकणारा डाय) झालं, टीबार्स (मेदाच्या ऑक्सिडेशनची चाचणी) झालं, ५३२ नॅनोमीटरला गुलाबी रंग वाचला, पेपर पाठवला. रिव्ह्यूअरने नेमकं बोट ठेवलं आणि ते बरोबरच होतं. डीसीएफएच काही हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट रिॲक्ट होऊन चमकत नाही, मध्ये लोह, सायटोक्रोम सी, पेरॉक्सिडेज असं कोणीतरी लागतं, नुसत्या उजेडानेही रीडिंग चढतं, मग रॅडिकल कोणता हे कशावरून ठरवलंत? म्हणून डीएमपीओ (रॅडिकल पकडणारं रसायन) टाकून ईएसआर करायचं ठरलं.

मशीन दुसऱ्या संस्थेच्या फॅसिलिटीत. फॉर्मवर सॅम्पल सॉलिड की लिक्विड, सॉल्व्हंट कोणता, विषारी आहे का, गाईडची सही, एचओडीची सही, पैसे आधी. इथवर ठीक. मी 'पाणी' लिहिलं तर फॉर्म परत. त्यात त्यांचंही खरं आहे, पाणी मायक्रोवेव्ह शोषून घेतं, नेहमीच्या जाड ट्यूबमध्ये सिग्नल मिळत नाही, फ्लॅट सेल नाहीतर बारीक कॅपिलरी लागते. कॅपिलरी आम्ही आणू म्हटलं. मग दुसरा नियम आला: सॅम्पल काउंटरवर जमा करा, नंबर लागला की आम्ही रन करू, रिझल्ट मेलवर येईल. अहो, सुपरऑक्साइड (ऑक्सिजनपासून बनणारा रॅडिकल) डीएमपीओला चिकटून जो ॲडक्ट (जोडरेणू) बनतो तो साध्या बफरमध्ये मिनिटाभरातच निम्मा होतो! मी फोनवर हे सांगितलं, मेलवर लिहिलं, प्रत्यक्ष जाऊन सांगितलं, आणि दर वेळी तेच उत्तर, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा, बर्फात ठेवून द्या." पावडर घेऊन येणाऱ्यांसाठी केलेला नियम हा, आमचं सॅम्पल काउंटरवर ठेवून मी जिना उतरेपर्यंत संपलेलं असतं, आणि हे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. पैसे भरलेले, पेपरची रिव्हिजनची तारीख जवळ येतेय, आणि माझी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर.

शेवटी काम झालं ते एका पत्राने. गाईडनी 'कृपया सहकार्य करावे' असलं काही न लिहिता मिनिटामिनिटाचा तक्ता जोडला: कधी एन्झाइम मिसळणार, कधी कॅपिलरी भरणार, कधी स्कॅन सुरू, आणि विद्यार्थिनी मशीनशेजारीच सॅम्पल तयार करेल. तो तक्ता पाहून ऑपरेटर सरांनी स्वतः हो म्हटलं. एकदम भले माणूस निघाले. कॅपिलरी बाहेरून टिश्यूने कोरडी पुसायची, एक थेंब राहिला तरी ट्यूनिंग होत नाही, हे त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा फेंटन रिॲक्शन लावली, लोह अधिक पेरॉक्साइड, आणि स्क्रीनवर हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडल्यावर दिसणारी, १:२:२:१ उंचीची चार शिखरं उभी राहिली तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग झँथिन-झँथिन ऑक्सिडेज (सुपरऑक्साइड बनवणारी एन्झाइम रिॲक्शन), त्यात एसओडी (सुपरऑक्साइड संपवणारं एन्झाइम) टाकल्यावर सिग्नल गेला. म्हणजे सुपरऑक्साइडच.

आठवतंय तसं सांगते. डीएमपीओ पिवळट दिसला तर वापरू नका, ॲक्टिव्हेटेड चारकोलने साफ करा आणि आधी नुसत्या डीएमपीओचा ब्लँक (सॅम्पलशिवायचा स्कॅन) घ्या. बफरमध्ये डीटीपीए (लोह बांधून ठेवणारं रसायन) हवंच, नाहीतर बफरमधलं लोहच सिग्नल देतं. ऑपरेटर ऐकतच नसतील तर डीएमपीओऐवजी सीएमएचसारखं हायड्रॉक्सिलअमाइन बघा, त्यातून बनणारा नायट्रॉक्साइड रॅडिकल टिकतो, सॅम्पल लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून पाठवता येतं, फक्त महाग पडतं आणि कोणता रॅडिकल हे ते एकटं सांगत नाही, तिथेही एसओडी कंट्रोल लागतोच.

आणि हो, चार शिखरं दिसली म्हणून लगेच हायड्रॉक्सिल रॅडिकल लिहू नका, सुपरऑक्साइडचा ॲडक्ट मोडूनही तीच शिखरं येतात. थोडं डीएमएसओ (हायड्रॉक्सिलशी रिॲक्ट होऊन मिथाइल रॅडिकल देणारं सॉल्व्हंट) टाकून बघा, खरा हायड्रॉक्सिल असेल तर ती चार कमी होऊन मिथाइलची सहा शिखरं येतात. हे त्याच स्लॉटमध्ये उरकून घ्या, नंतर आठवलं तर परत तोच फॉर्म आणि तोच काउंटर.