बारा तासांचा पगार

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्री (धातूच्या ओतकामाच्या) कामगारांचं मागणीपत्र करायचं झालं की आकडेमोड माझ्याकडं येते. मे २०२५ मध्ये अनगोळचे एक निवृत्त मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे कामगार, आमचे मामा, नातवाला घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर विरलेली पगारचिठ्ठी. साल १९८२, हजेरी २६, पीएफ आणि कँटीन कापून हातात ६५० रुपये.

"हा पण साचेच भरतोय, ठेकेदाराकडं. १४,२०० मिळतात. माझ्यापेक्षा बरं चाललंय काय ह्याचं, तेवढं बघून सांग की बाळ."

साल बघून मला बरं वाटलं. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची, म्हणजे महागाई मोजणाऱ्या आकड्याची, एक मालिका १९८२ चे भाव १०० धरूनच आहे. पुढं पायाभूत वर्ष २००१ झालं, मग २०१६. आजचा आकडा तिथवर न्यायचा तर २.८८ आणि ४.६३ या दोन्हींनी गुणावं लागतं. हे गुणक सुटले की घोळ झालाच. ऑगस्ट २०२० चा निर्देशांक ३३८ होता आणि सप्टेंबरचा नव्या मालिकेत ११८.१ दिसला, तेव्हा महागाई भत्ता बुडाला म्हणून पोरं घाबरून माझ्याकडं धावत आली होती.

मार्च २०२५ चा देशाचा आकडा १४३. गुणाकार १,९०७ वर गेला, म्हणजे १९८२ च्या १०० वरून भाव एकोणीस पट. म्हणजे मामांचे ६५० आजचे साधारण १२,४००.

"नातवाला जास्त मिळतंय, मामा."

मामा काही बोलले नाहीत. पोरगा दाराशीच उभा होता. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग, नखांत काळी वाळू. मामांनी चिठ्ठीवरच्या २६ वर बोट ठेवलं.

"ह्या हजेऱ्या आठ तासांच्या. तुझी किती रे?"

"बारा. सकाळी आठ ते रात्री आठ."

मी कागद पुन्हा ओढला. दोघांच्या हजेऱ्या २६ च. मामांना आजच्या भावानं तासाला जवळजवळ साठ रुपये पडत होते, नातवाला साडेपंचेचाळीस. जादा तासांना कायद्यानं दुप्पट दर आहे. इथं तासाचा दर साध्याहून वर गेलेलाच नाही. वर चिठ्ठीही नाही, १४,२०० सगळे तोंडी. इतकी वर्षं मी महिन्याचा पगार महागाईशी ताडत आलो आणि तास कुणालाच विचारले नाहीत. फार लागलं मनाला.

त्याच संध्याकाळी मागणीपत्राच्या तक्त्यात पगाराशेजारी तासांचा रकाना आखला. पोराला एक कोरी वही दिली, आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ रोज लिहायला. पहिली ओळ त्यानं तिथंच उभ्यानं लिहिली.