तेल होतं, तरी बेअरिंगला भेगा कशा पडल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "तेल स्वच्छ, प्रेशर बरोबर, टेंपरेचरचा अलार्म नाही, मग व्हाइट मेटलला भेगा कशा?" मेंटेनन्सवाल्याला हा प्रश्न नेहमी येतो, बहुतेक वेळा फुटक्या शेलच्या फोटोसकट. (शेल म्हणजे बेअरिंगची अर्धगोल स्टीलची वाटी, आणि व्हाइट मेटल म्हणजे तिला आतून ओतलेला मऊ मिश्रधातूचा थर.) बेअरिंग गेलं की आधी तेलाच्या नावाने बोटं मोडायची, ही आपली जुनी खोड.

जर्नल बेअरिंगमध्ये बॉल नाहीत, रोलर नाहीत. फिरणारा शाफ्ट तेल ओढून निमुळत्या फटीत नेतो, तिथे दाब तयार होतो आणि शाफ्ट त्यावर उचलला जातो. धातूला धातू लागत नाही, त्यामुळे झीज जवळपास नसतेच. पण भार कुठे नाहीसा झाला? तो तेलातून व्हाइट मेटलवरच येतो.

आणि तो सगळीकडे सारखा येत नाही. ब्यूशँप टॉवर यांनी १८८३ साली रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले, तेव्हा वरच्या भोकातून तेल उसळायला लागलं. बूच मारलं, तर ते बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकली. शेवटी गेज बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता आणि २०० पौंडांच्या गेजचा काटा टोकाला गेला. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्यामागचं गणित मांडलं. ड्रॉइंगवर आपण भाराला लांबी गुणिले व्यासाने भागतो, तो आकडा सरासरीचा. धातूला सोसावा लागतो तो शिखरावरचा दाब.

तरीही नुसत्या मोठ्या दाबाने फटीग, म्हणजे धातू थकून भेगाळणं, होत नाही. दाब वर-खाली व्हावा लागतो. रोटरचं, म्हणजे शाफ्टसकट फिरणाऱ्या भागाचं, वजन बेअरिंगच्या खालच्या भागावर एकाच जागी स्थिर असतं. त्या वजनाने वाकलेल्या शाफ्टच्या पृष्ठभागाला मात्र प्रत्येक फेऱ्यात ताण आणि दाब आलटून पालटून सोसावा लागतो. अनबॅलन्स आला, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त झालं, की पारडं फिरतं. तो भार शाफ्टबरोबर फिरतो आणि बेअरिंगच्या त्याच जागेवरचा दाब दर फेऱ्याला चढतो-उतरतो. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा, दिवसाला ४३ लाख २० हजार वेळा. दाबाचा डोंगर जिथे उतरतो, तिथे धातूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि हा ताणच भेग उघडतो. इंजिनात हे काम सिलिंडरमधला स्फोट करतो. म्हणून बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा) वरचा शेल आणि मेन बेअरिंगचा (क्रँकशाफ्टला धरणाऱ्या बेअरिंगचा) खालचा शेल आधी बघायचा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण अलाइनमेंट. शाफ्ट किंचित तिरका बसला की भार पूर्ण लांबीवर न पसरता एका कडेला गोळा होतो. सरासरी तीच राहते, कागदावर सगळं आलबेल, आणि भेगा नेमक्या त्या कडेला. शेल बसवताना पाठीमागे कचऱ्याचा एखादा कण राहिला तरी हेच होतं: समोर उंचवटा येतो आणि तेवढाच ठिपका आधी फुटतो.

मग तापमान. टिनवालं व्हाइट मेटल साधारण २४० अंश सेल्सिअसला वितळायला लागतं, म्हणून १०० अंशाला लोक निर्धास्त असतात. पण तोवर त्याचा कठीणपणा थंड असतानाच्या जवळपास निम्म्यावर आलेला असतो, आणि फटीग सोसायची ताकदही घटलेली असते. अलार्म वाजला नाही याचा अर्थ धातू वितळण्याच्या जवळ नव्हता, एवढाच.

आता फोटोकडे वळू. भेग पृष्ठभागावर सुरू होते, सरळ खाली उतरते, पण स्टीलपर्यंत पोहोचण्याआधी वळते आणि बाँडला, म्हणजे व्हाइट मेटल आणि स्टीलच्या सांध्याला, समांतर धावते. अशा दोन-तीन भेगा भेटल्या की मधला तुकडा सुटतो, उखडलेल्या फरशीसारखा. तुकडा निघालेल्या खड्ड्याचा तळ बघा. तिथे व्हाइट मेटलचा पातळ थर शिल्लक असेल तर फटीग. उघडं, स्वच्छ स्टील दिसलं तर बाँडिंगवर संशय घ्या. तिथे दोष ओतकामाचा असू शकतो. ही तपासणी भिंगाने होते, प्रयोगशाळा लागत नाही. पण शेल तोवर भंगारात गेलेला असतो!

"मग थर जाड ओतू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. उलट करा. पातळ थराला पाठीमागचं स्टील घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तो फटीग जास्त सोसतो. मात्र फार पातळ झाला की तेलातला कचरा पोटात घ्यायची त्याची क्षमता कमी होते, तेव्हा फिल्टर नीट हवा. तेवढ्यानेही भागत नसेल, तर कॉपर-लेड किंवा ॲल्युमिनियम-टिनसारखा दणकट मिश्रधातू घ्यायचा. पण नवं बेअरिंग बसवण्याआधी व्हायब्रेशनचं रीडिंग आणि अलाइनमेंट तपासा. ते तसंच सोडलं तर मिश्रधातू बदलून फक्त पुढच्या शटडाउनची तारीख लांबते.