वेटरचा मामा

हॉस्पिटलात रुग्णांची देखभाल करणाऱ्या आम्हा मदतनिसांना नाव नसतं. बाई असेल तर मावशी, पुरुष असेल तर मामा. माझ्या सर्टिफिकेटवर कामाचं लांबलचक इंग्रजी नाव छापलंय, पण रात्री अडीच वाजता ज्याला उलटी होतेय तो ते वाचत बसत नाही. तो 'मामा' अशी हाक मारतो आणि मी पळतो.

त्याआधी अकरा वर्षं पुण्यातल्या एका हॉटेलात वेटर होतो. पाटण तालुक्यातून दहावी पास होऊन आलेला पोरगा, आधी टेबल पुसायला, मग पाणी द्यायला, मग ऑर्डर घ्यायला. शेवटची पाच वर्षं खिडकीकडची सहा टेबलं माझी होती. पगार नऊ हजार, टीप वेगळी, जेवण आणि झोपायची सोय हॉटेलातच. ही सोय किती मोलाची होती ते पुढे कळलं.

24 मार्च 2020 च्या रात्री सगळं बंद झालं. गावी गेलो. 5 ऑक्टोबरला राज्यात हॉटेलं निम्म्या क्षमतेनं उघडली तेव्हा शेठनी नऊपैकी चौघांना बोलावलं, त्यात मी होतो. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली आणि बसून जेवणं परत बंद. फक्त पार्सल. आता पार्सलला वेटर कशाला लागतो? पिशवीला गाठ मारायला गल्ल्यावरचा माणूस पुरतो.

त्याच जूनमध्ये मावसभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉर्म पाठवला. तो एका मेडिकल स्टोअरमध्ये कामाला. 18 जून 2021 ला पंतप्रधानांनी कोविड योद्ध्यांसाठी झटपट प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला होता: 26 राज्यं, 111 केंद्रं, एक लाख माणसं तयार करायची. सहा प्रकारची कामं शिकवणार होते. घरी रुग्णाची देखभाल, हॉस्पिटलातली मूलभूत काळजी, प्रगत काळजी, तातडीची सेवा, तपासणीचे नमुने घेणं आणि यंत्रं सांभाळणं. फी नाही, वर विद्यावेतन आणि पास झाल्यावर दोन लाखांचा अपघात विमा. मला विम्याचं काही वाटलं नाही. 'फी नाही' एवढंच वाचलं आणि 'मूलभूत काळजी'वर टिचकी मारली, कारण बाकीची नावं वाचून भीती वाटली.

कागद म्हणाल तर आधार, दहावीची मार्कलिस्ट, आधारला जोडलेलं बँक खातं आणि फोटो. मी अडकलो ते अंगठ्यावर. मशीनला माझ्या बोटांच्या रेषाच दिसेनात. अकरा वर्षं गरम प्लेटा धरल्या, सुरुवातीची काही वर्षं मोरीत सोड्याच्या पाण्यानं भांडी घासली, रेषा कुठून राहणार? केंद्रावरची मुलगी म्हणाली, "दादा, लोशन लावून या उद्या." दोन दिवस लोशन लावलं. शेवटी आधार केंद्रात शंभर रुपये भरून बोटं नव्याने नोंदवून आलो, तेव्हा कुठे मी मीच आहे हे मान्य झालं.

वर्गात आम्ही चोवीस जण. शिवणक्लास सोडून आलेल्या दोघी, एक रिक्षावाला, नर्सिंगला पैसे नाहीत म्हणून इथे आलेल्या बारावीच्या मुली. मी सगळ्यांत म्हातारा, तेहतीस वर्षांचा. शिकवायला निवृत्त सिस्टर होत्या, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या. पुस्तक त्यांनी फारसं उघडलं नाही. पहिल्या दिवशी फक्त हात धुवायला लावलं. तळव्यावर तळवा, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटांची पेरं, अंगठा, नखं, मनगट. मग परत. मला हसू येत होतं, हॉटेलात दिवसातून पन्नास वेळा हात धुणारा माणूस मी. मॅडमनी माझ्या हातावर निळी शाई फासली आणि म्हणाल्या, धू. धुतले. अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांच्या कडेला निळं तसंच. "याच हातानं तू अकरा वर्षं लोकांना जेवायला वाढलंस?" वर्ग हसला. मी गप्प.

शिकायला अवघड काय गेलं, तर शिकणं नाहीच. विसरणं अवघड गेलं.

चांगला वेटर दिसत नाही. गिऱ्हाईक बोलत असतं, आपण मागून येतो, रिकामा ग्लास भरतो, खरकटी प्लेट उचलतो, त्याला कळतही नाही. ही माझी खरी कला होती आणि तिचा मला अभिमान होता. वर्गात एक मुलगी पेशंट होऊन पलंगावर झोपली, मी तसाच मागून जाऊन उशी सरळ केली. ती दचकून उठून बसली. मॅडम म्हणाल्या, "हात लावायच्या आधी तोंड उघडायचं. मी कोण, काय करणार, कुठे हात लावणार. बेशुद्ध असला तरी सांगायचं." मला पंधरा दिवस लागले. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं काय बोलायचं, करून मोकळं व्हावं.

याला अपवाद एकच, तोही त्यांनीच शिकवला. श्वास मोजताना सांगायचं नाही. माणसाला कळलं की आपला श्वास मोजतायत, तर तो आपसूक वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी मोजतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. मिनिटाला बारा ते वीस. इथे माझी जुनी कला कामाला आली. टेबल पुसायचं आणि कान पलीकडच्या टेबलावर, हे मी अकरा वर्षं केलेलं.

बाकी बऱ्याच गोष्टी हातात लवकर बसल्या. अर्धांगवायूच्या माणसाला शर्ट घालताना लुळा हात आधी आणि काढताना चांगला हात आधी. व्हीलचेअर नेहमी त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावून, मग उठवायचं. कचऱ्याचे रंग: रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनची नळी लाल डब्यात, सुया पांढऱ्या टणक डब्यात, काच निळ्यात. रिक्षावाल्याला हे सिग्नलसारखं पाठ झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर माकडहाड, टाचा, कोपर, खांदा इथे कातडी लाल होते आणि मग जखम पडते. मॅडमनी एका जुन्या पेशंटच्या पाठीचा फोटो दाखवला. त्या दिवशी दुपारी कुणी डबा उघडला नाही.

विद्यावेतनाचं एका वाक्यात सांगतो. कागदावर होतं, खात्यावर उशिरा आलं, आणि तोवर बायकोनं गावाकडे दोन शेळ्या विकल्या.

वर्ग संपून वॉर्डात पोचेपर्यंत लाट ओसरली होती. म्हणून आम्हाला कोविडऐवजी सर्जरीच्या साध्या वॉर्डात टाकलं. बेडपॅनबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो: पहिल्या दिवशी ओकारी आली, चौथ्या दिवशी नाही आली. घाणीची सवय होते. सवय झाली नाही ती आईला सांगायची. घरी मी 'हॉस्पिटलात कामाला' एवढंच म्हणायचो आणि ती शेजारणीला 'पोरगं दवाखान्यात लागलंय' म्हणून सांगायची. तिच्या डोळ्यापुढे बहुधा टेबल-खुर्ची होती. मी ती हलवली नाही.

आता जे सांगतो ते आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही.

वॉर्डातला बारावा दिवस. सात नंबरच्या कॉटवर एक आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन, अकरा वाजता आत घ्यायचं. मी चादरी बदलत चाललो होतो. साडेदहाला त्यांनी हाक मारली, "मामा, पाणी." बस. अकरा वर्षं 'पाणी' हा शब्द कानावर पडला की माझा हात पाण्याच्या जगकडे जायचा, मेंदूला विचारायची पद्धतच नव्हती. टेबलावर माणूस बसला की आधी पाणी, मग मेनू. मी ग्लास भरला, त्यांचं डोकं उचलून धरलं आणि त्यांनी तो एका दमात संपवला. रात्रीपासून तहानलेले होते.

ग्लास ठेवताना पायाकडच्या दांडीला अडकवलेली पाटी दिसली. एनबीएम. तोंडावाटे काही द्यायचं नाही. वर्गात यावर अर्धा तास घालवलेला. भूल दिली की गिळण्याचं, खोकण्याचं भान राहत नाही, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, माणूस दगावू शकतो. हे सगळं मला माहीत होतं. आजोबांनाही माहीत होतं, कारण ते हळूच म्हणाले, "सांगू नको रे कुणाला. उगाच आजचं उद्यावर नेतील. एक ग्लासानं काय होतंय."

खोटं कशाला बोलू, मी पुढच्या दोन कॉटच्या चादरी बदलल्या. डोक्यात हिशोब चालू होता. सांगितलं तर हाकलतील. नाही सांगितलं तर कदाचित खरंच काही होणार नाही. हॉटेलातही ऑर्डर चुकली तर वेटर आधी हेच बघतो, गिऱ्हाइकाला कळलंय का? डोसा मागितला आणि उत्तप्पा गेला, गिऱ्हाईक खातंय, तर खाऊ दे. नऊ नंबरच्या उशीला खोळ घालताना हे आठवलं आणि पोटात गोळा आला. खोळ अर्धवट टाकून सिस्टरकडे गेलो. "सिस्टर, सातला मी पाणी दिलं. पूर्ण ग्लास. साडेदहाला."

त्या ओरडल्या नाहीत. घड्याळ बघितलं, फोन उचलला, ऑपरेशन थिएटरला कळवलं, केसपेपरवर वेळ लिहिली. ओरडले ते भुलीचे डॉक्टर, वॉर्डाच्या मधोमध, सगळ्यांसमोर. ऑपरेशन मागे ढकललं, दुपारी झालं, नीट झालं. आजोबांचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता की मी त्यांचं बिल दुप्पट लावलंय. आजोबा तर दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मी पाणी दिलं म्हणून नाही, सांगितलं म्हणून.

संध्याकाळी ड्युटी सुटताना सिस्टर म्हणाल्या, "उद्यापासून पाणी मागितलं की आधी पायाकडे बघायचं, मग तोंडाकडे." अजून तसंच करतो. नातेवाइकांना वाटतं मी पाया पडतोय. ज्याला पाणी चालत नाही त्याला विचारून ओल्या कापसानं ओठ पुसतो. तेवढ्यानंही माणूस निवतो.

परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक आले. प्रश्न टॅबवर, मग प्रात्यक्षिक, मग तोंडी. टॅबवरच्या मराठीपेक्षा इंग्रजी सोपं होतं. 'निर्जंतुकीकरणोत्तर हाताळणी' म्हणजे काय हे मी अजून शोधतोय. प्रात्यक्षिकात बाहुल्याला कुशीवर वळवायचं होतं. मी सवयीनं म्हणालो, "काका, मी तुम्हाला डाव्या अंगावर वळवतोय, घाबरू नका." परीक्षकांनी मान वर केली, काहीतरी टिपलं. तोंडीत त्यांनी हात धुण्याच्या पायऱ्या ओळीनं विचारल्या आणि मी चौथीवरच अडकलो. म्हटलं, सर, नळ दाखवा, करून दाखवतो. ते हसले, पण नळाकडे नाही नेलं. पास झालो. मार्क सांगण्यासारखे नाहीत.

सर्टिफिकेट यायला वेळ लागला. त्याआधीच एका खाजगी हॉस्पिटलात लागलो होतो. पगार तेरा हजार, बारा तासांची ड्युटी. हॉटेलपेक्षा चार हजार जास्त, असं गावात सगळ्यांना वाटलं. खोलीचं भाडं तिघांत वाटून अडीच हजार, मेस अडीच हजार. म्हणजे हातात आठ. आणि टीप नाही. डिस्चार्जच्या वेळी एखादा माणूस पन्नासची नोट मुठीत कोंबायला बघतो, ती नाकारायची असा नियम आहे. अकरा वर्षं जी नोट मी हसून घेतली ती इथे हात मागे करून परत द्यायची, याची सवय बेडपॅनपेक्षा उशिरा झाली. ज्यांना हा कोर्स करायचाय त्यांनी पगार विचारताना राहण्या-जेवण्याचं आधी विचारा. आणि इंजेक्शन, औषध आपण द्यायचं नसतं, कुणी 'दे रे, काय होतंय' म्हटलं तरी. काही ठिकाणी म्हणतात.

पहिल्या नोकरीच्या फॉर्मवर 'पूर्वानुभव' या रकान्यात ऑफिसातल्या माणसानं स्वतःच शून्य लिहिलं होतं. मी हॉटेलचं सांगायला गेलो तर म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध?" मागच्या वर्षी नोकरी बदलली. या वेळी फॉर्म माझ्या हातात होता. मी लिहिलं: वेटर, अकरा वर्षं. मेट्रननी, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, चष्मा नाकावर ओढून ते दोनदा वाचलं.

"एका हातावर किती ताटं घ्यायचास?"

"चार. गर्दी असली तर पाच."

"सांडायची नाहीत?"

"पहिल्या वर्षी सांडली."

त्यांनी फॉर्मवर सही केली. "संध्याकाळची जेवणाची फेरी तुझ्याकडे. चोवीस कॉट, त्यातले सहा डायबेटिसचे, दोन बिनमिठाचे. लिहून घे."

मी लिहून घेतलं नाही.