छोटं मिलिंग मशीन सीएनसी करताना मोटर कशी निवडली

सीएनसी म्हणजे मशीनचं टेबल हाताऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने मोटर पळवते. अशी मोटर घ्यायला वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो होल्डिंग टॉर्कचा. म्हणजे मोटर जागच्या जागी उभी असतानाचा जोर. मशीनचं टेबल तर पळणार असतं, आणि स्टेपर मोटरचा, म्हणजे छोट्या ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरचा, जोर वेगाबरोबर उतरत जातो. त्यामुळे मी चालत्या वेगातल्या जोराच्याच मागे लागलो.

दांडिया बाजारातले आमचे शेजारचे काका जन्मभर टर्नर होते. ते म्हणाले, "आधी मशीनला विचार तिला किती जोर लागतो. हँडव्हीलला दोरी गुंडाळ आणि ताणकाट्याने ओढून बघ." चाकाची त्रिज्या ५० मि.मी., काट्यावर दीड किलो. म्हणजे साधारण ०.७४ न्यूटन मीटर. हे जुन्या स्क्रूवर. ५ मि.मी. लीडचा (एका फेऱ्यात टेबल ५ मि.मी. सरकवणारा) बॉल स्क्रू, म्हणजे आत गोळ्यांवर फिरणारा हलका स्क्रू, बसवल्यावर काटा बराच खाली आला. अशा स्क्रूवर १ न्यूटन मीटरने टेबलाला सुमारे ११५ किलोचा रेटा मिळतो. माझ्या हलक्या कटांना तेवढा पुष्कळ.

आता वेग. मिनिटाला ३००० मि.मी. हवे तर मोटर ६०० आरपीएमने फिरायला हवी. इथे इंडक्टन्स आडवा येतो: कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, आणि तो लवकर चढवायचा तर व्होल्टेज जास्त लागतं. मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२ म्हणजे सप्लायचे व्होल्ट, हा ढोबळ हिशेब मला फार उपयोगी पडला. ३ न्यूटन मीटरची मोटर ३.५ मिलिहेन्रीची, तिला ६० व्होल्ट हवेत. माझे ड्राइव्ह, म्हणजे मोटरला करंट देणारी सर्किटं, ५० व्होल्टपर्यंतचे. २ न्यूटन मीटरची, १.८ मिलिहेन्रीची मोटर ४३ व्होल्टमध्ये भागते. दोन्ही नेमा २३ या ठरावीक मापाच्या, तोंड ५७ मि.मी.चं. एक्स आणि वायला, म्हणजे टेबलाच्या दोन आडव्या दिशांना, मी ही दुसरी घेतली. ४८ व्होल्टचा सप्लाय ॲडजस्टमेंटच्या स्क्रूने ४४ वर आणला. मोटर झटक्यात थांबते तेव्हा ती उलट व्होल्टेज ढकलते, त्यासाठी वर जागा ठेवलेली बरी.

सर्व्होचा, म्हणजे स्वतःची जागा मोजत फिरणाऱ्या मोटरचा, विचार केला होता. एवढ्या वेगाला गरज दिसली नाही.

झेडचा, म्हणजे वर-खाली दिशेचा, प्रश्न वेगळा. कटर धरणारं हेड ३० किलोचं, पण ते पेलायला फक्त पाव न्यूटन मीटर लागतो. खरी काळजी लाइट गेल्यावरची: बॉल स्क्रू स्वतःहून अडत नाही, हेड सरळ खाली येतं, कटर जॉबमध्ये घुसतो. म्हणून तिथे ब्रेकवाली मोटर घेतली. २४ व्होल्ट मिळेपर्यंत तिचा ब्रेक लागलेलाच असतो. या एका मोटरवर पैसे वाचवू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

शेवटी टेबलावर वजन ठेवून, बारीक सरक काट्यावर दाखवणारा डायल गेज लावून टेबल मागेपुढे पळवलं. ३००० ला काटा दर वेळी शून्यावर परतला. तरी कंट्रोलरमध्ये मर्यादा २००० चीच घातली आहे.