‘क्निफे’, ‘नामे’ आणि बाईमाणूस

साहित्याचे चारही पेपर सुटले, अडला तो भाषाविज्ञानाचा. शंभरपैकी ३१. पास व्हायला ४० हवे होते. सोळा वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय. बाहेरून इंग्रजीत एम. ए. करायचं डोक्यात घेतलं तेव्हा व्याकरणाची धास्ती मला नव्हतीच. शाळेत कोणाचंही अडलं की ‘बाईंना विचारा’ असं म्हणतात, आणि तेवढ्यावर मीही स्वतःला व्याकरणातली समजत होते.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. उच्चारलेखनाला, म्हणजे शब्दाचा उच्चार ठरावीक चिन्हांत लिहायला, दहा शब्द होते, त्यातले दोन बरोबर. त्याहून लाज वाटली ती पुढच्या पानाची. मातृभाषेशी तुलना करा, या प्रश्नात मी ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य ‘पॅसिव्ह’ म्हणून ठोकून दिलं होतं. कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह, हे मी स्वतः सोळा वर्षं मुलांकडून घोकून घेतलेलं. आता बघा, आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं म्हणून हा कर्मणी प्रयोग, एवढंच. वाक्यातला राम जागचा हललेला नाही, खाणारा तोच आणि वाक्याचा रोखही त्याच्यावरच. इंग्रजीत हे सरळसरळ ‘ॲक्टिव्ह’. पॅसिव्हच्या जवळ जायचं तर ‘आंबा खाल्ला गेला’ म्हणावं लागेल. तपासणाऱ्याने समोर नुसतं लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं.

अभ्यासकेंद्राबद्दल फार लिहीत नाही. रविवारचे संपर्कवर्ग, एस.टी.ने दीड तास, आणि त्यातले दोन रविवार तर दाराला कुलूप.

दुसऱ्या खेपेला गाईड कपाटावर टाकलं आणि दोनशे पानी वही केली. नियम एकच: संज्ञा कुठलीही असो, आधी मराठी उदाहरण सुचलं पाहिजे, मगच इंग्रजी लिहायचं. ‘फोनीम’, म्हणजे स्वनिम, तिथेच पहिल्यांदा डोक्यात शिरला. पळ आणि फळ. एवढा एक ध्वनी बदलला की शब्द बदलतो, म्हणून मराठीत प आणि फ हे दोन वेगळे स्वनिम. इंग्रजीतही हे दोन्ही प्रकारचे ‘प’ आहेत, ‘पिन’मध्ये हवेच्या झोतासकट आणि ‘स्पिन’मध्ये झोताविना, पण त्यांनी अर्थ बदलत नाही. म्हणून इंग्रजांच्या कानाला तो एकच ध्वनी. पुस्तकात प्रयोग दिला होता: ओठांसमोर कागदाची पट्टी धरा, ‘पिन’ म्हणताना ती हलेल, ‘स्पिन’ला नाही. लेक नववीत आहे, तिला समोर बसवलं. पट्टी दोन्ही वेळा ढिम्म! पुस्तक चुकलंय की काय असं वाटलं. मग लक्षात आलं, आपण ‘पिन’सुद्धा आपल्या साध्या प-नेच म्हणतो. मोबाईलवरच्या शब्दकोशातला उच्चार ऐकून लेकीने जवळजवळ ‘फ्हिन’ असं म्हटलं तेव्हा कुठे कागद उडाला. त्या रात्री मी उच्चारलेखनाची भीती सोडली. चिन्हं पाठ करण्याआधी कान तयार करायचा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा भाग मात्र मी ऑप्शनला टाकणार होते. पाचव्या शतकात ब्रिटनमध्ये अँगल्स आणि सॅक्सन टोळ्या आल्या, १०६६ साली नॉर्मन आले, १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. सनावळ्या पाठ करायचं माझं वय राहिलेलं नाही. पण जुन्या इंग्रजीचा तक्ता समोर आला आणि मी थबकले. दगडाला शब्द ‘स्टान’. दगडाचा म्हणायचं तर ‘स्टानेस’, दगडाला म्हणायचं तर ‘स्टाने’, अनेक दगडांना ‘स्टानुम’. अहो, ही तर विभक्ती! ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ची गोऱ्यांची चुलत बहीण. आज इंग्रजीत नामापुढे स्वल्पविराम टांगून जो एस लावतात, तो त्या ‘स्टानेस’मधल्या षष्ठीचा उरलेला तुकडा. शब्दाच्या सुरुवातीला जोर आणि शेवटाला ढिलाई, त्यात उत्तरेकडून आलेल्या नॉर्स बोलणाऱ्यांशी रोजचा व्यवहार. शेवटचे प्रत्यय झिजत गेले. प्रत्यय गेले तसे शब्द जागेला बांधले गेले. आपण ‘वाघाला हरणाने पाहिलं’ म्हणू, नाहीतर ‘हरणाने वाघाला पाहिलं’; कोणी कोणाला पाहिलं हे ला आणि ने सांभाळून घेतात. इंग्रजीत जागा बदलली की बघणाराच बदलला.

लिंगंही तीन होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि ‘वीफ’, म्हणजे बाई, चक्क नपुंसकलिंगी! पुस्तकात यापुढे उद्गारचिन्ह होतं. मला त्याचं काही वाटेना, कारण त्याच संध्याकाळी सासूबाई वाटाणे सोलता सोलता शेजारणीला सांगत होत्या, “एवढ्या रात्रीचं बाईमाणूस एकटं कसं येणार?” एकटं. पुढच्या ओळीवर नजर गेली आणि मी हसायलाच लागले. ‘वीफ’ अधिक ‘मन्’. मन् म्हणजे तेव्हा माणूस, बाई असो की पुरुष. दोन्ही मिळून ‘वीफमन्’, आणि तो झिजून आजचा ‘वुमन’. सासूबाईंचा शब्द जशाचा तसा, बाईमाणूस! फरक इतकाच की इंग्रजांचा समास शेवटच्या पदामुळे पुल्लिंगी झाला आणि आपला नपुंसकात राहिला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मग त्यात शिकायसारखं काय आहे?”

स्पेलिंगचं कोडं वर्गात सुटलं. आमची पोरं स्पेलिंग कशी पाठ करतात ते मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगायला नको: नामे म्हणजे नेम, क्निफे म्हणजे नाईफ. मीही तशीच शिकले आणि बाई झाल्यावर मुलांना त्यावरून रागावतही आले. पण इंग्रजी कवी चौसरच्या काळात, चौदाव्या शतकात, ‘नेम’चा उच्चार ‘नाम’ आणि शेवटी पुसटसा अ, असाच होता. ‘क्नीफ’मधला क चांगला खणखणीत वाजत होता. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर तोंडात वर वर सरकले, ना-चा ने झाला, ‘मूस’चा ‘माऊस’ झाला, न-च्या आधीचा क बोलण्यातून गळाला. स्पेलिंग मात्र छापखान्यामुळे बरंचसं जुन्या वळणावर थिजून राहिलं. म्हणजे क्निफे म्हणणारं पोर चुकत नव्हतं, पाच-सहाशे वर्षं उशिरा आलं होतं.

याच भरात ग्रिमचा नियमही बसला: एकाच मूळ भाषेतून आलेल्या शब्दांत संस्कृतात एक ध्वनी, तर इंग्रजीत ठरलेला दुसरा. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी याकोब, त्याने १८२२ साली मांडलेला. आपल्या प-च्या जागी इंग्रजीत फ: पाद, फूट. द-च्या जागी ट: दन्त, टूथ, दश, टेन. त-च्या जागी थ: त्रि, थ्री. मूळच्या ग-च्या जागी क, म्हणून जानु, म्हणजे गुडघा, आणि इंग्रजी ‘नी’ एकाच घरचे, फक्त त्यांच्या क-ने बोलणं सोडलं आणि आपल्या ग-चा संस्कृतात ज झाला. आजानुबाहू रामाचं वर्णन सांगताना आता मला तो मुका के दिसतो. चौथीच्या वर्गात एकाने विचारलं होतं, “बाई, बोलायचा नाही तर लिहायचा कशाला?” तेव्हा मी ‘सायलेंट असतो’ म्हणून त्याला खाली बसवलं होतं. तो आता सातवीत आहे. त्याला बोलावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि मैदानाकडे पळाला.

परीक्षा मे महिन्यात, पंखा बंद. विभक्तिप्रत्यय झिजल्याचे परिणाम असा प्रश्न आला आणि मी पुरवणी मागून लिहिलं. तुलनेच्या प्रश्नात ‘रामाने आंबा खाल्ला’ पुन्हा घातला, यावेळी त्याच्या जागी. ५७ मिळाले.

उच्चारलेखनात मात्र दहातले सातच बरोबर आले. चुकलेल्या तिन्हींत व्ही आणि डब्ल्यूचा घोटाळा. इंग्रजीत ते दोन स्वनिम, आपल्याकडे एक व. द्राक्षाचा वेल ‘व्हाईन’ आणि द्राक्षाची दारू ‘वाईन’, दोन्ही माझ्या तोंडून सारखेच येतात. लेक अजून कधी कधी समोर बसवते, वरचे दात खालच्या ओठावर ठेवायला लावते, मग ओठांचा चंबू करायला. सासूबाई दारातून बघतात आणि विचारतात, “दात दुखतोय का गं?”